काळ्या कागदाआडचे युद्ध

"बाहीर बाँब थांबले का वो, ताई?"

प्रमिलाताईंना हा प्रश्न विचारला गेला तेव्हा त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत ओमानमधल्या सीबच्या जुन्या बाजारातून नुकतीच घेतलेली कोथिंबीर होती. मासळीच्या लिलावाचा गलका ऐकत, शाळेच्या बसगाड्यांना वाट करून देत, दुकानाच्या पायरीवर बिनदुधाची खावा कॉफी पीत बसलेल्या वृद्धांच्या सलामांना उत्तर देत त्या चालत आल्या होत्या. जग आपापल्या जागी होते. आणि त्याच सीबमधल्या एका दुमजली घराच्या स्वयंपाकघरामागे, वाकून भांडी विसळणारी एक तरुण स्त्री मान वर न करता विचारीत होती की बाँब थांबले का.

प्रमिलाताई पाणी पिण्यासाठी आत आल्या होत्या. पेला ओठांशीच थांबला.

"कसले बाँब, बाळ?" त्यांनी हलक्या आवाजात विचारले.

"लढाईचे. साहेब म्हणतेत, बाहीर पाय ठिवला की खलास. रोज इमानं जातेत की डोक्यावरून."

विमाने जात होती हे खरेच होते. विमानतळ तिथून फार दूर नव्हता, आणि उतरणारे प्रत्येक विमान त्या छपरांवरून इतके खाली येई की कपाटातली भांडी थरथरत. प्रमिलाताईंनी खिडकीकडे पाहिले. काचेला आतून काळा कागद चिकटवलेला होता. त्या काही बोलणार, तोच दिवाणखान्यातून घरच्या मालकिणीची हाक आली, "ताई, पाणी मिळालं ना? या इकडे, एसीत बसा!" आणि भांडी घासणारीचे हात पुन्हा भराभर चालू लागले.

जुन्या राजनीतिशास्त्रकारांनी गुप्तचरांचे वेष मोठ्या रसिकतेने वर्णिले आहेत. परिव्राजिका आहे, ज्योतिषी आहे, गारुडी आहे, सुगंधी द्रव्ये विकणारा आहे. शिंपीण मात्र त्यांत आढळत नाही. स्त्रियांच्या अंतःपुरात निःशंकपणे शिरणारी, प्रत्येकीच्या देहाला हात लावण्याचा जिला अधिकार आहे, आणि जिच्यासमोर बाई दोन्ही हात पसरून उभी राहते अशी ही एकच व्यक्ती शास्त्रकारांच्या नजरेतून निसटली. प्रमिलाताईंनी ती उणीव भरून काढली होती, आणि तीही कुणा राजासाठी नव्हे.

त्या मूळच्या परभणीकडच्या. पती शिवराम समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पात अभियंता, आणि त्यांच्या मागोमाग त्या या देशात आल्या, त्याला आता मुलगा यशोधन पुण्यात नोकरीला लागण्याइतका काळ लोटला होता. शिवणकाम त्यांनी इथे येऊन वाढवले. ओळखीच्या बायकांचे ब्लाउज, साड्यांना फॉल, मुलींचे परकर-पोलके. त्यांच्या हातून कटोरी ब्लाउज बेतून घ्यायला बायका मदिनत सुलतान काबूससारख्या दूरच्या वस्तीतून गाडी काढून येत. "प्रमिलाताईंचा मुंढा कधी ओढत नाही" ही त्यांची कीर्ती मराठी घरांतून सर्वत्र पसरली होती.

दुसरी कीर्ती फार थोड्यांना ठाऊक होती. तिचा उगम आणखी जुना होता. प्रमिलाताईंच्या आजीने लहानपणी गावकीची वेठ केली होती. हाक आली की हातातला घास ठेवून उठायचे, कुणाच्या कामाला, किती वेळ, हे विचारायचे नाही. आजी सांगे, "काम जड नव्हतं ग. 'नाही' म्हणता येत नव्हतं, ते जड होतं." बाबासाहेबांच्या मार्गाने सारे घर चालू लागले, लेकरे शाळेत गेली, आणि आजी उरलेले सारे आयुष्य लहानसहान गोष्टींना नाही म्हणण्यात रमली. चहा नको, डोक्यावर पदर नको, मला आज बोलायचे नाही. त्या नकाराची गोडी नातीच्या रक्तात उतरली.

म्हणून या परदेशात, एका घरी माप घेताना, तिथली मोलकरीण कानाशी लागून "मला घरी जायचंय, जाऊ देत नाहीत" असे पुटपुटली, तेव्हा प्रमिलाताईंना तो शब्द आजीच्या तोंडून ऐकल्यासारखा वाटला. त्यांनी तो साबेरा नावाच्या एका तरुण ओमानी वकिलीणबाईंपर्यंत पोहोचवला. बाई सुटली. मग दुसरी सुटली. पुढे ते घडतच गेले. प्रमिलाताई या कामाला कधी सेवा म्हणाल्या नाहीत, त्याचे नावच त्यांनी ठेवले नाही. शिवराम मात्र त्याला "तुझं दुसरं मशीन" म्हणत.

आता ज्या घरात त्या बसल्या होत्या ते किशोरीचे होते. किशोरी पुण्याची, बोलकी, हौशी. तिचा नवरा प्रताप "मनुष्यबळ पुरवण्याच्या" व्यवसायात होता. मंडळाच्या कार्यक्रमांना तो खुर्च्या लावायलाही पुढे असे. किशोरीला नव्या पैठणीवर ब्लाउज हवा होता, म्हणून हे पहिले येणे झाले होते.

"मागे हुक हवेत ताई, आणि गळा खोल. प्रतापला सांगितलंय, यंदा पाडव्याला सगळ्यांनी वळून बघायला हवं."

"बघतील की," प्रमिलाताई टेप गुंडाळीत म्हणाल्या. "आत भांडी घासणारी नवी दिसते."

"त्या? अहो, त्या चौघी आहेत. प्रतापकडे आल्या कामासाठी आणि हे युद्ध सुरू झालं ना, अडकल्या बिचाऱ्या. आम्हीच सांभाळतोय."

युद्ध खरेच पेटले होते, पण आखातापलीकडे. काही दिवस विमाने रद्द झाली, घरोघरी दूरचित्रवाणी संच सारखे चालू राहिले, यशोधनने पुण्याहून दिवसातून अनेकदा फोन केले. सीबमध्ये त्याची झळ एवढीच की बाजारात टोमॅटो वेळेवर आले नाहीत. पुढे विमाने पुन्हा सुरू झाली, आणि बहुधा त्याच दिवसापासून या घरातल्या चौघींना सांगितले गेले की शत्रूची विमाने डोक्यावर आली. प्रतापला कुलपांचा खर्चही नको होता. त्याने युद्धाचेच कुलूप घातले.

निघताना दार लावून घ्यायला तीच तरुणी आली. तिचे नाव स्नेहल, हे किशोरीच्या हाकेवरून कळले होते. तिच्या त्या हेलाने, त्या 'वो'ने प्रमिलाताईंची माहेरची जीभ जागी झाली होती. आणि माहेरच्या उंबऱ्यावरून निघताना जे शब्द कुणीही चुकवत नसे, तेच सवयीने तोंडून निघून गेले.

"येते ग. जय भीम."

स्नेहलचा हात कडीवर तसाच राहिला. तिने प्रथमच मान वर केली. पण शब्द ऐकणारी ती एकटी नव्हती. मागे किशोरी उभी होती.

"अय्या," किशोरी म्हणाली. "म्हणजे ताई, तुम्ही त्यांच्यातल्या? मला इतके दिवस वाटलं..."

"वाटू द्या. ब्लाउज त्याच मापाचा होईल."

किशोरी हसली, पण तिचे डोळे स्नेहलवरून प्रमिलाताईंवर आणि पुन्हा स्नेहलवर गेले. गुप्तचराने जे कधीही करू नये ते घडून गेले होते. तिसऱ्यासमोर आपलेपणाची ओळख उघड झाली होती.

*

"जय भीम म्हणालीस?" शिवराम जेवता जेवता थांबले. "शत्रूच्या गोटात जाऊन?"

"तोंडातून गेलं हो."

"तुझ्या आजीला परवलीचा शब्द विचारला असता तर तिनंही हेच सांगितलं असतं. हेरगिरी आपल्या घराण्याला झेपणारी नाही."

साबेरा समोरच बसली होती. तिला हिंदी चांगली येत होती आणि मराठीतले हसू समजत होते. ओमानी रीतीप्रमाणे ती प्रमिलाताईंना मुलाच्या नावावरून, 'यशोधनची आई' अशी हाक मारी. "उम्म यशोधन," ती म्हणाली, "मला त्या मुलीनं तुमच्याकडे पाहिलं हे महत्त्वाचं वाटतं. तिला तुमच्यावर विश्वास बसला असेल."

"किशोरीचा उडाला असेल."

"तो परत मिळवा." साबेरा पुढे झुकली. "ऐका. अधिकाऱ्यांकडून दार उघडून घेणं माझं काम. ते मी करीन. पण दार उघडल्यावर त्या बायका जर म्हणाल्या की आम्ही इथे खुशीत आहोत, तर खलास. मागच्या खेपेला काय झालं, आठवतंय ना?"

प्रमिलाताईंना ते विसरता येणे शक्य नव्हते. मागच्या खेपेला, दुसऱ्या एका घराचे दार उघडले होते, आत तिघी उभ्या होत्या, आणि भीतीने तिघींनी माना हलवून सांगितले की आम्हाला काही त्रास नाही. अधिकारी परत गेले. त्या आठवड्यातच तिघी कुठे नेल्या गेल्या ते कुणालाही कळले नाही.

"आणि त्या वेळी तुम्ही तिथे असलात," साबेराने बोट उगारले, "तरी खुणावायचं नाही, बोलायचं नाही. तुम्ही पढवलं असं वाटलं तर प्रतापचा वकील सगळं उधळून लावेल. जे सांगायचं ते आधी सांगा."

"आधी सांगायला आत जायला हवं."

"ते तुम्ही बघा. तुमच्याकडे टेप आहे."

आत जाण्याचा मार्ग किशोरीनेच दिला. साबेरा गेल्यावर लगेच तिचा फोन आला. आवाजात नेहमीचा लाडिकपणा होता, पण त्याखाली घाई होती. "ताई, त्या चौघींना एकसारखे पोशाख हवेत. साधे, निळे. गुरुवारी प्रताप त्यांना गाडीनं सरहद्दीपलीकडे पोहोचवणार आहे, तिथे कामं ठरलीत. तिथल्या लोकांपुढे नीटनेटक्या दिसायला नकोत का? आणि पुरुष शिंप्याला घरात कसं घ्यायचं?"

"गुरुवारी? मग उद्याच मापं घेते."

"मी बसेनच तिथे," किशोरीने उगीचच जोडले.

"बसा की. तुमचा ब्लाउजही आणते, घालून बघायला."

फोन ठेवून त्यांनी गुरुवारची बातमी साबेराला कळवली; तिने अधिकाऱ्यांना बुधवारी दुपारी आणायचे ठरवले. मग प्रमिलाताई मशीनपाशी बसल्या. पैठणीचा ब्लाउज कच्च्या टाक्यांत तयार होता. त्यांनी तो उसवला आणि पाठीकडून जरासा, अगदी अदबीने, घट्ट घेतला. हुक दाट लावले. मग बराच वेळ त्या कपड्याकडे, आपल्या मापाच्या कीर्तीकडे, पाहत राहिल्या.

"काय करतेस?" शिवरामांनी विचारले.

"आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम ब्लाउज बिघडवतेय."

"अरेरे," शिवराम गंभीरपणे म्हणाले. "एवढा त्याग!"

*

वरच्या मजल्यावरच्या खोलीत चौघी भिंतीला लागून उभ्या होत्या. इथेही खिडकीला काळा कागद होता, आणि छताचा दिवा भर दुपारी जळत होता. किशोरीने खुर्ची मध्यभागी ओढून घेतली. "घ्या ताई, सुरू करा."

प्रमिलाताईंनी पहिलीला समोर घेतले. ही गुलबानू, हैदराबादकडची, उंच, रुंद हाडाची, ओठ घट्ट मिटलेली. टेप खांद्यावर पडताच तिने अंग चोरले.

"सरळ उभी राहा, बेटी. श्वास रोखू नको. खोटं माप येतं."

"माप लेके क्या करते अम्मा," गुलबानू कोरडेपणाने म्हणाली. "कफन सीना है क्या?"

"काहीतरी बोलू नको ग!" किशोरी खेकसली.

प्रमिलाताईंनी हसून टेप खाली घेतली आणि पिशवीतून पैठणीचा तो ब्लाउज काढून किशोरीच्या मांडीवर ठेवला. जांभळ्या रेशमावर मोराची सोनेरी किनार दिव्याखाली लखलखली. "आधी तुमचं बघून घ्या बाई. काही उसवायचं असेल तर आत्ताच बसून करीन. तुमच्या आरशासमोर जाऊन नीट बघा. गळा मनासारखा झालाय का ते मला सांगा."

किशोरीने त्या किनारीवरून बोट फिरवले. कर्तव्य आणि पैठणी यांचे तिच्या मुद्रेवर छोटेसे द्वंद्व झाले. पैठणी जिंकली. "दोनच मिनिटांत आले," असे म्हणून ती आपल्या खोलीकडे गेली.

पाठीचे दाट हुक स्वतःच्या हातांनी लावणे हे किती वेळाचे काम आहे हे ज्या स्त्रीला ठाऊक नाही, तिने शिवणकामाच्या वाटेला जाऊच नये. प्रमिलाताईंना ते पुरते ठाऊक होते. त्यांनी स्नेहलला जवळ ओढले, टेप तिच्या कमरेभोवती घेतली, आणि तिच्या कानाशी बोलू लागल्या.

"इथं युद्ध नाही, पोरी. युद्ध समुद्रापलीकडं. आज सकाळी मी बाजारातून मासळी घेतली. पोरं शाळेत गेली."

स्नेहल डोळे मोठे करून ऐकत होती. मग ते डोळे भरून आले. तेवढ्यात गुलबानू पुढे झाली. "झूट. ये मॅडम की दर्जन है. हमको बाहर निकालके पकडाते, देखो तुम."

तिचे म्हणणे अन्यायाचे नव्हते. जिला दिवसेंदिवस काळा कागदच दाखवला गेला तिने परक्या शब्दावर का म्हणून विश्वास ठेवावा? प्रमिलाताई वाद घालीत बसल्या नाहीत. टाके उसवायचे बारीक पाते त्यांनी हातात घेतले, खिडकीशी गेल्या, आणि कागदाच्या कडेने, जिथे तो चौकटीला चिकटला होता तिथे, बोटभर लांबीचा सफाईदार छेद दिला. उन्हाची एक पट्टी खोलीत पडली. ती अंगाला लागताच चौथी बाई, जी आतापर्यंत एक शब्दही बोलली नव्हती, दचकून मागे सरली.

"ये. बघ," प्रमिलाताई गुलबानूला म्हणाल्या.

गुलबानूने छेदाला डोळा लावला. समोर गल्ली होती. गल्लीपलीकडच्या घराच्या भिंतीलगत, कडुनिंबाच्या सावलीत चटई टाकून एक वृद्ध ओमानी गृहस्थ झोपले होते. डोक्यावरची कशिद्याची कुम्मा टोपी त्यांनी तोंडावर ओढली होती. एक चप्पल पायात होती, दुसरी कुठे गेली होती कुणास ठाऊक.

आणि त्याच क्षणी विमान आले. आवाज वाढत वाढत छतावर आदळला. खोलीतल्या तिघी सवयीने खाली बसल्या, दोघींनी कान झाकले. गुलबानूचेही गुडघे वाकले, पण डोळा छेदापासून हलला नाही.

"क्या हुआ?" कुणीतरी खालून विचारले.

गुलबानूच्या तोंडून प्रथम श्वास बाहेर पडला, मग शब्द. "बुड्ढा करवट बदल के सो गया."

आधी स्नेहल हसली. पाठोपाठ ती चौथी अबोल बाईही. ते हसू हातांनी दाबून धरावे लागले. एकामागून एक त्या छेदाशी आल्या, त्या झोपलेल्या पुरुषाला पाहिले, आणि प्रत्येकीच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेले. त्या वृद्धाने हजार व्याख्यानांचे काम घोरत घोरत केले होते.

"आता ऐका," प्रमिलाताई भराभर बोलू लागल्या. हात मात्र मापे घेतच होते. "बुधवारी दुपारी दार वाजेल. पोलीस येतील, बरोबर बाई अधिकारी असेल. विचारतील, इथे राहायचंय का. जे मनात आहे तेच बोला. मी तिथे असेन, पण मी तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही. बोलायचं तुम्हीच."

"साब बोले, व्हिसा खतम, पुलिस सीधा जेल में डालते."

"जेल नाही. आपल्या दूतावासाचा निवारा आहे. मी खोटं सांगत नाही, लगेच घरी जाता येणार नाही. चौकशी होईल, वेळ जाईल, कंटाळा येईल. पण बाहेरचं ऊन दिसेल. गुरुवारी तुम्हाला गाडीत घालून पुढे नेलं, तर मला तुमचा माग लागणार नाही."

"आन् तोंडातून शब्दच न्हाई फुटला तर?" स्नेहलने विचारले. "माझं असंच होतं ताई. साहेब समोर आला की जीभ आत जाते."

प्रमिलाताईंनी तिच्या हनुवटीखाली बोट धरले. "माझी आजी म्हणायची, पहिला नकार जड असतो. दुसरा आपला आपण येतो."

"ताईऽऽ!" दाराबाहेरून आर्त हाक आली. "हे बसतच नाहीये हो!"

उन्हाची पट्टी जमिनीवर लखलखत होती. प्रमिलाताईंनी पोशाखाच्या निळ्या कापडाचा तागा एका झटक्यात तिच्यावर उलगडला आणि स्वतः खिडकीला पाठ लावून उभ्या राहिल्या. किशोरी आत आली, पदर खांद्यावर कसाबसा घेतलेला, पाठीवरचे अर्धे हुक उघडे, चेहरा लाल.

"वजन वाढलं का माझं?"

"छे हो! रेशीम आकसतं. वळा बघू. श्वास सोडा... अजून सोडा."

हुक लावताना प्रमिलाताईंना किशोरीच्या मानेवर घामाचे बारीक थेंब दिसले. ही बाई दुष्ट नव्हती, असे त्यांना वाटले. तिने फक्त वर न पाहण्याची सवय लावून घेतली होती. पण त्या सवयीवरच हे सारे घर उभे होते, आणि म्हणून हाताची पकड त्यांनी सैल केली नाही.

*

बुधवारी निळे पोशाख घेऊन त्या आल्या तेव्हा प्रताप घरी होता. पांढराशुभ्र शर्ट, अत्तराचा मंद वास, नम्र हास्य.

"या ताई, बसा. किशोरी तुमचं फार कौतुक करते. तुम्ही आमच्या ह्यांच्याशी," त्याने वरच्या मजल्याकडे मान केली, "गावाकडचं बोलता म्हणे."

"गावाकडचं बोलायला आता कोण उरलंय इथं?" प्रमिलाताई म्हणाल्या. "चहा घेईन मात्र."

चहा आला. त्यांनी तो शांतपणे, बशीत न सांडता प्याला. सुईत दोरा ओवण्याच्या क्षणी मन जसे एका बिंदूवर येऊन स्थिरावते, तसे ते स्थिरावले होते.

दार वाजले. अधिकारी आत आले, त्यांच्याबरोबर गणवेशातली एक स्त्री अधिकारी आणि काळ्या, पायघोळ अबायातली साबेरा. प्रताप जराही गडबडला नाही. अस्खलित अरबीत त्याने सर्वांना बसायला सांगितले, खजूर मागवले, आणि खुलासा केला. पत्नीच्या गावाकडच्या बायका, युद्धामुळे अडकलेल्या, आश्रयाला आलेल्या. कागदपत्रे सुरक्षित राहावीत म्हणून आपल्या तिजोरीत. विचारा त्यांनाच.

चौघींना खाली आणले गेले. प्रताप उठून त्यांच्या अगदी समोर, दिसेल असा, उभा राहिला. स्त्री अधिकाऱ्याने त्याला बाजूच्या खोलीत जायला फर्मावले. तो गेला, पण जाताना स्नेहलकडे पाहून हसला.

प्रश्न हिंदीतून विचारला गेला. "तुम्हें यहाँ रहना है?"

चौघींच्या नजरा बाजूच्या खोलीच्या दाराकडे गेल्या.

प्रमिलाताईंनी नजर आपल्या रिकाम्या कपावर ठेवली. इतक्या घरांतून, इतक्या दारांतून त्या शिरल्या होत्या. प्रत्येक वेळी काहीतरी करायला हाताशी असे, टेप, पाते, खडू. आज हाताला काहीही करायचे नव्हते, आणि यापेक्षा अवघड काम त्यांना आजवर कुणी दिले नव्हते. कपाच्या तळाशी चहाची पूड साचली होती. मागच्या खेपेच्या त्या तिघींचे चेहरे त्यांना त्या पुडीत दिसू लागले.

प्रश्न पुन्हा विचारला गेला.

स्नेहलच्या घशातून आवाज आला, पण तो शब्द झाला नाही. शेजारी गुलबानूने तिच्याकडे पाहिले, मग छताकडे, मग सरळ त्या अधिकारी स्त्रीच्या डोळ्यांत.

"नक्को," ती म्हणाली. आणि जणू त्या एका शब्दाची चव तिला आवडली, म्हणून पुन्हा, मोठ्याने, "नक्को! मेरे कू नै रैना इधर. पासपोर्ट छीन लिए, जंग है बोलके बंद रखे. कल गाडी में डालके बेचने ले जारे."

बाजूच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अधिकारी स्त्रीने तिकडे हात उगारला, आणि आवाज थांबला. ती स्नेहलकडे वळली. "और तुम?"

"मला..." स्नेहल म्हणाली. मग थांबली. मग एकदम, श्वास न घेता, "मला हितं राह्यचं न्हाई. मी हौसेनं आलेली न्हाई. मला दवाखान्यात नोकरी देतो म्हणाले होते. मला माझ्या आईला फोन करायचाय."

अधिकारी स्त्रीला मराठी कळले नाही. तिने खोलीभर पाहिले. "हे कुणाला कळलं?"

साबेराने प्रमिलाताईंकडे मान वळवली. "आता बोला, उम्म यशोधन. ती म्हणाली तेवढंच."

आणि प्रमिलाताई बोलल्या. स्नेहलची वाक्ये त्यांनी एकेक करून हिंदीत सांगितली, एक शब्द अधिक नाही, एक उणा नाही. साबेराने ती नोंदीसाठी अरबीत सांगितली. परभणीकडच्या एका मुलीचा नकार असा तीन भाषांची कुंपणे ओलांडून त्या अधिकारी स्त्रीच्या नोंदवहीपर्यंत पोहोचला, आणि वाटेत त्यातले काहीही सांडले नाही. उरलेल्या दोघींनी मग स्वतःहून हात वर केले.

"ही बाई कोण?" अधिकारी स्त्रीने प्रमिलाताईंविषयी विचारले.

"खय्याता," प्रमिलाताई अरबीत म्हणाल्या. शिंपीण. त्यांना येत असलेल्या मोजक्या अरबी शब्दांपैकी तो एक होता, आणि त्या तो अभिमानाने उच्चारीत.

तिजोरी उघडली गेली. प्रतापला दुसऱ्या गाडीकडे नेताना तो प्रमिलाताईंपाशी थबकला, पण अधिकाऱ्याने त्याला पुढे काढले. किशोरी मात्र पुढे झाली.

"ताई," ती रडवेल्या संतापाने म्हणाली, "माझ्या घरात बसून चहा प्यायलात तुम्ही!"

"प्यायले. चांगला झाला होता." प्रमिलाताई उठल्या. त्यांच्या आवाजात ना विजय होता, ना क्षमायाचना. "तुमच्याकडे त्या इतके दिवस होत्या, किशोरी. एकदाही विचारलं नाहीत त्यांना, अगं बायांनो, तुम्हाला इथं राहायचंय का? तेवढंच विचारायला ही सगळी माणसं आलीत. आता तुम्हालाही विचारतील. खरं सांगा. आणि त्या ब्लाउजचे टाके कच्चेच आहेत, इतक्यात घालू नका. पाठवून द्या, नीट करून देईन."

चौघी दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. पाय अनवाणी होते. पहिल्याच दिवशी चपला काढून घेतल्या होत्या, आणि त्या कुठे टाकल्या हे सांगणारा गाडीत बसला होता. बाहेर अंगणाची फरशी दुपारच्या उन्हाने तव्यासारखी तापलेली.

स्त्री अधिकाऱ्याने दाराशेजारचे उंच कपाट उघडले. आत किशोरीची पादत्राणे ओळीने मांडलेली होती, चंदेरी, सोनेरी, मण्यांची, टाचांची. तिने किशोरीकडे पाहिले. किशोरीने मान फिरवली, पण नाही म्हटले नाही.

"यल्ला, चला," अधिकारी म्हणाली, "ज्या येतील त्या घाला."

तिघींनी सपाट चपला उचलल्या. गुलबानूचे पाऊल मोठे. कपाटात तिला होणारा एकच जोड निघाला, उंच टाचांचा, लालभडक, पट्ट्यावर खडे जडवलेला. तो तिने पायांत अडकवला, दाराची चौकट धरून तोल सावरला, आणि चौकट सोडली.

"गिरती क्या मैं, अम्मा?"

"मान वर ठेव," प्रमिलाताई म्हणाल्या. "मग नाही पडत."

गुलबानूने मान वर केली आणि खट् खट् असा आवाज करीत, जरा डुलत, तापलेल्या फरशीवरून गाडीकडे चालू लागली.